सुई टोचली, तर त्याच तासात सांगा

प्रश्न : मी नवी मुंबईतील एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत परिचारिका आहे. रात्रपाळीत लोकलमधून पडलेला एक तरुण आला. त्याचे रक्त काढून सुईवर टोपण लावताना ती माझ्या डाव्या तर्जनीत घुसली. हातमोजे घातलेले होते. वरिष्ठ सिस्टरांनी बोट दाबून रक्त काढायला लावले, स्पिरिट चोळले आणि ‘कागदावर नेलेस तर चौकशी मागे लागेल’ असे बजावले. आज पाचवा दिवस आहे. चार वर्षांच्या मुलाला जवळ घेण्याचीही धास्ती वाटते. मी काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, मुलाला खुशाल कुशीत घ्या. सुईतून लागण होऊ शकते ती एचआयव्ही आणि यकृताला होणाऱ्या हिपॅटायटिस बी व सी यांची; जवळ घेतल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हे आजार पसरत नाहीत. तपासण्या पूर्ण होईपर्यंत रक्तदान करू नये, दाढीचे ब्लेड किंवा दात घासण्याचा ब्रश सामाईक ठेवू नये आणि पतीसोबत निरोध वापरावा, एवढेच पथ्य आहे. पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला दूरध्वनीवर तातडीने तपासणी करण्यास सांगितले; येथे सविस्तर लिहितो, कारण ही गप्प बसण्याची सवय मी ठाण्यातल्या कॅज्युअल्टीत रात्री काढताना फार जवळून पाहिली आहे.

सुई टोचताच बोट दाबू नये, स्पिरिट किंवा जंतुनाशक चोळू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी आणि त्याच तासात प्रमुखांना कळवावे. घाईचे कारण असे, की एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते व ते २८ दिवस घ्यावे लागते. रुग्णाचा अहवाल येण्याची वाट पाहत पहिला डोस अडवून ठेवायचा नसतो. तुमची ही वेळ निघून गेली आहे, ती तुमच्या चुकीने नव्हे, हे मी मुद्दाम लिहितो. बाधित रुग्णाची सुई टोचली तरी एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारातून तिघांना असते; लस न घेतलेल्यांत हिपॅटायटिस बीची मात्र ती ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तुमचे लसीचे तिन्ही डोस झाले आहेत, पण टायटर, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार झालेल्या, विषाणूशी लढणाऱ्या प्रतिपिंडांची पातळी, कधीच पाहिलेला नाही, असे तुम्ही सांगितलेत. तो १० किंवा त्याहून अधिक आला, तर ती बाजू निर्धास्त समजा; कमी आला, तर प्रतिपिंडांचे इंजेक्शन सातव्या दिवसापर्यंत उपयोगी पडते, म्हणून मी त्याच दिवशी जाण्याचा आग्रह धरला.

कागदावर नेण्याची भीती बाळगू नका. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यानुसार आरोग्यसंस्थेने कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने, प्रशिक्षण आणि हे प्रतिबंधक औषध पुरवायचे आहे. नोंद करणे ही कर्मचाऱ्याची कबुली नाही, त्याचा हक्क आहे. चौकशीची धमकी देणाऱ्या वरिष्ठांनी एका बहिणीचे ७२ तास हिरावून घेतले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हातमोज्यांबद्दल. सुईवरचे थोडे रक्त हातमोजा पुसून घेतो, सुई मात्र अडवत नाही. म्हणून टोपण परत लावायचेच नाही, वापरलेली सुई थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची, आणि तो डबा खाटेपासून हातभर अंतरावरच हवा. खोलीच्या टोकाला डबा असेल तर दमलेला माणूस टोपण लावणारच. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची आहे. त्याच हातमोज्यांनी आपण जखम दाबतो, मग बीपीचा पट्टा, पडदा, केसपेपरचे पेन आणि खिशातला मोबाइल हाताळतो, आणि शेजारच्या खाटेवर जातो. रुग्ण बदलला की हातमोजे बदलावेत, ते काढल्यावर हात धुवावेत. सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, रक्त दिसत असेल तर साबणाने ४० ते ६० सेकंद. अंगठी आणि बांगड्यांखाली साबण नीट पोहोचत नाही, त्या पाळीपुरत्या लॉकरमध्ये ठेवाव्यात.

खोकणारा रुग्ण दिसताच दारातच त्याला मास्क द्यावा आणि आपण एन-९५ नाकावर घट्ट बसल्याची खात्री करून घालावा.

तुमच्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीच्या पहिल्या तपासण्यांचे अहवाल जपून ठेवा. पुढची एचआयव्ही तपासणी ६ आठवड्यांनी आहे, ती चुकवू नका. टायटरचा आकडा हाती आला की मला कळवा.