लाईट आली, पण नेट येईना

प्रश्न : सर, मी देवगड तालुक्यात केबलवरून इंटरनेट देतो, साडेतीनशे गिऱ्हाईकं आहेत. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी लाईट गेली, अर्ध्या तासाने आली आणि मग एकाचंही नेट चालू होईना, सगळीकडे लॉगिन फेल. घराघरात चाकरमानी आलेले, फोनवर फोन. सर्व्हर आणि मेन राउटर तर इन्व्हर्टरवर चालूच होते. शेवटी रेडियस, म्हणजे लॉगिन तपासणारा प्रोग्रॅम, रिस्टार्ट केला तेव्हा लोक आत आले. रेडियसचा बॉक्स बसवून देणारा म्हणतो एकदम लोड आला, मोठा बॉक्स घ्या. खरंच लोड होता की कोणी मुद्दाम केलं?

उत्तर : दादा, नवीन बॉक्सचे पैसे आत्ता देऊ नका. आधी रेडियसमधल्या अकाउंटिंगच्या नोंदी, म्हणजे कोण कधी आत आलं आणि कधी तुटलं ते, उघडा. रेडियसचं काम दारात नाव-पासवर्ड तपासून आत सोडायचं, एकदा आत गेलेल्याचं नेट रेडियस बंद पडला तरी सहसा चालूच राहतं. म्हणजे तो दुपारी दोनलाच मेलेला असू शकतो आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ताच नाही, मग लाईट जाऊन घरचे राउटर बंद झाले, परत आत यायला गेले तर दारात विचारणारंच कोणी नाही. लाईट गेली तेव्हा गिऱ्हाईकं तुटल्याच्या नोंदी असायला हव्यात. त्या नसतील तर रेडियस आधीच गेला होता, लोडचा काही संबंध नाही. नोंदी असतील आणि लाईट आल्यावर थांबल्या असतील तर लोडचं बघू, तरी साडेतीनशे लॉगिन साध्या मशीनलाही जड नसतात, अशा वेळी बहुतेकदा मागचा डेटाबेस, म्हणजे गिऱ्हाईकांची नावं-पासवर्ड ठेवलेली जागा, रखडतो.

आता मुद्दाम केलं का. होऊ शकतं, आणि त्याला फार मोठा मारा लागत नाही, एक वेडंवाकडं पॅकेट पुरतं. अशा कितीतरी बॉक्समध्ये आत फ्रीरेडियस नावाचा रेडियस प्रोग्रॅम असतो, त्यात 2003 साली अशीच चूक सापडली होती. टनेल-पासवर्ड नावाचं फील्ड रिकामं पाठवलं की प्रोग्रॅम लांबीतून एक वजा करायचा, उत्तर यायचं उणे एक, तेवढी मेमरी कॉपी करायला जायचा आणि तिथेच कोसळायचा. दुरुस्त झाली, पण तीच चूक पुन्हा आत शिरली आणि 2009 मध्ये 1.1.8 व्हर्जन काढून परत बुजवावी लागली. 2017 मध्येही फझिंग करून, म्हणजे मुद्दाम खराब डेटा भरवून, बऱ्याच चुका सापडल्या आणि 3.0.15 आली. म्हणून बसवणाऱ्याला लोडबद्दल नंतर विचारा, आधी आतल्या रेडियसचा व्हर्जन नंबर लेखी मागा, सांगत नसेल तर मला ते फार गंभीर वाटतं, कारण गिऱ्हाईकांच्या शिव्या तुम्ही खाता.

आजच करायचं काम म्हणजे फायरवॉलमध्ये यूडीपी 1812 आणि 1813, म्हणजे रेडियस ज्यांवर ऐकतो ते पोर्ट, फक्त तुमच्या मेन राउटरच्या आयपीला उघडे ठेवा, बाकी सगळ्यांना बंद. पण यूडीपीत पाठवणाऱ्याचा आयपी खोटा लावता येतो, आणि साध्या लॉगिन रिक्वेस्टमध्ये ती खरंच आपल्या राउटरची आहे का हे सर्व्हरला कळत नाही, त्यासाठी मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे रिक्वेस्टवरची गुप्त सही, सक्तीचा करावा लागतो. राउटर जुना असेल तर आधी अपडेट करा, नाहीतर तुमचीच माणसं बाहेर राहतील. जमलं तर रेडियसला वेगळी लाईन किंवा व्हीलॅन (त्याच वायरीवर वेगळं केलेलं नेटवर्क) द्या, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बाजूने तिथे पोचताच येणार नाही.

रेडियस पडला की आपोआप उठेल असं सेटिंग जरूर लावा, पण प्रत्येक वेळी पडल्याची वेळ लिहून ठेवा, नाहीतर तो दिवसातून दहा वेळा पडेल आणि तुम्हाला सगळं छानच दिसेल. त्या संध्याकाळची शेवटची नोंद किती वाजताची निघाली ते मला कळवा.