मार्कडाउनसारख्या मजकुराच्या पार्सरमध्ये यादी कुठं सुरू झाली, हे कसं ठरवायचं?

लातूरच्या मोंढ्यातल्या बाजारभावांच्या नोंदी साध्या मजकुरात आहेत. पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, कधी परिच्छेदाचीच यादी करतो, कधी दहाव्या बाबीपाशी पोटयादी मोडतो, असा तुमचा प्रश्न आहे. स्वतःचे नियम काढत बसू नका, कॉमनमार्कचे, म्हणजे मार्कडाउनच्या काटेकोर लिहिलेल्या प्रमाण रूपाचे घ्या. मार्कडाउन म्हणजे साध्या खुणांनी मजकुराला मांडणी द्यायची पद्धत. २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये याद्यांचं वर्णन बरंच मोघम होतं, त्यामुळं जो तो पार्सर आपल्या मनानं वागतो.

पोटयादीसाठी ठरावीक चार स्पेस धरू नका. खुणेनंतरचा (‘-’ किंवा ‘1.’ नंतरचा) मजकूर ज्या स्तंभात, म्हणजे ओळीतल्या जितक्याव्या जागी, सुरू होतो, किमान तिथपर्यंत सरकलेली ओळ त्या बाबीची. ‘- तूर’ खाली 2 स्पेस, ‘1. तूर’ खाली 3, ‘10. तूर’ खाली 4. नऊपर्यंत 3 चालल्या, दहाला एक कमी पडली. तुमची पोटयादी तिथंच तुटते.

‘आज आलेल्या गाड्या होत्या’ यानंतरची ओळ ‘14. त्यात सोयाबीन जास्त’ अशी असेल तर ती यादी नव्हे. चालू परिच्छेद तोडायचा हक्क फक्त 1 ने सुरू होणाऱ्या अंकयादीला. मात्र रिकाम्या ओळीनंतर ‘1948. मराठवाडा मुक्त झाला’ लिहिलं की 1948 पासूनची यादी सुरू होणारच. यादी नको असेल तर तिथं टिंबाआधी बॅकस्लॅश (\) द्या.

खरी गोची मराठी अंकांची. कॉमनमार्कला फक्त 0 ते 9 कळतात, तेही जास्तीत जास्त नऊ अंक. ‘१.’ त्याच्या लेखी साधा मजकूर. पण पायथन 3 मध्ये रेजेक्सचं (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्राचं) बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कोणताही अंक’ ही खूण, देवनागरी अंकही पकडतं, जावास्क्रिप्टमध्ये नाही. एकच नियम दोन्हीकडं उतरवला तर निकाल वेगळे येतात. म्हणून अंकांचा संच स्पष्ट लिहा. देवनागरी घ्यायचेच असतील तर स्तंभ बाइटमध्ये मोजू नका: यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) ‘१’ तीन बाइट खातो, म्हणजे ‘१. ’ ची रुंदी 3 ऐवजी 5 भरते आणि बरोबर सरकवलेली पोटयादीही बाहेर पडते.

‘अ.’, ‘ब.’ ही अक्षरं खूण म्हणून घेऊ नका, आद्याक्षरांनी लिहिलेलं प्रत्येक नाव बाब होऊन बसेल. ‘१.तूर’ असं स्पेसशिवाय लिहायची सवय आपल्याकडं फार आहे, तरी सवलत नको, ‘१०.३० वाजता’ने सुरू होणारी ओळ लगेच फसते.

बाबींमध्ये कुठंही रिकामी ओळ आली की अख्खी यादी सैल (प्रत्येक बाबीचा मजकूर वेगळा परिच्छेद असलेली) धरा, फक्त तेवढी बाब नाही.

एचटीएमएलमध्ये यादीचा सुरुवातीचा आकडा मात्र 0 ते 9 मध्येच लिहा. पानावर १, २, ३ दिसायला सीएसएसमध्ये (पानाची शैली ठरवणाऱ्या भाषेत) यादीचा प्रकार ‘देवनागरी’ ठेवता येतो.