वाचकांचे प्रश्न : तिच्या नावाची सवलत, तिची सुट्टी

परीक्षा संपत आल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळच्या पत्रांत सरकारी योजना, उन्हाळी सुट्टी आणि स्वयंपाकघर हे तिन्ही विषय एकत्र आले आहेत, म्हणून निवडक पत्रांना एकाच अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब आहे. रेशन कार्डावर सासूबाई कुटुंबप्रमुख असल्यामुळे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये त्यांच्या खात्यावर जमा होतात. त्यातून त्या घरात काही आणत नाहीत. लेकीच्या मुलांना कपडे घेतात, भजनी मंडळाबरोबर कधी सौंदत्तीला, कधी हुबळीच्या सिद्धारूढ मठाला जातात. त्या बाहेर असल्या की सगळा स्वयंपाक माझ्यावर आणि जावेवर पडतो. गावातील काही जण म्हणतात की कार्ड वेगळे करून घ्या, म्हणजे तुम्हालाही हप्ता सुरू होईल. हा पैसा घरखर्चात यायला नको का?
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर : आधी कार्डाविषयी लिहिते, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. सासूबाईंचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागले, ते कोणी मर्जीने लावलेले नाही. शिधापत्रिकेपुरती घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाईल, असे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानेच ठरवून दिले आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेने कार्डावरचे तेच नाव ग्राह्य धरले. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांनी केवळ हप्त्यासाठी कागदावर दोन घरे दाखवणे म्हणजे खोटी माहिती देणे होय. चौकशीत ते उघड झाले तर हप्त्याबरोबर महिन्याचा तांदूळही अडेल. उद्या तुमचे बिऱ्हाड खरोखरच वेगळे झाले तर कार्ड वेगळे करण्यात काहीच गैर नाही, परंतु हप्त्याच्या आशेने घर मोडल्याचे सोंग करू नये.

हा पैसा घरखर्चात यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते मी पूर्ण विचाराने देत आहे. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभे राहून भाताची लावण करणाऱ्या बाईला आपल्याच शेतात कधी मजुरी मिळत नाही, आणि घरचे धान्य विकून आलेला पैसा तिच्या हातात पडत नाही. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या कितीतरी बायकांच्या नावावर बँकेत नियमित जमा होणारी ही बहुधा पहिली रक्कम असेल. ती सरकारने घरातल्या पुरुषाच्या खात्यावर न टाकता मुद्दाम बाईच्या खात्यावर टाकली आहे. शिवाय मी अनेक घरांत पाहिले आहे की असा पैसा एकदा का तेल-साखरेच्या हिशोबात मिसळला, की दोन-तीन महिन्यांत सगळे जण तो गृहीतच धरतात, आणि आजवर जो तेल-साखर आणत होता त्याच्या खिशातून तेवढी रक्कम हळूच कमी होते. घराला काहीच जास्त मिळत नाही, पुरुषाचा खर्च मात्र बाईच्या नावावर चढतो. हे हप्ते कधीकधी महिनोन्‌महिने उशिरा येतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे; त्यांच्या भरवशावर घराचा किराणा बांधून ठेवणे व्यवहारालाही धरून नाही. आणि आजीने नातवंडांना कपडे घेतले, तर ते उधळेपणाचे लक्षण खचितच नाही.

मात्र तुमचे पत्र पुन्हा वाचले तेव्हा मला असे वाटले की तुम्हाला पैशापेक्षा सासूबाईंच्या त्या मोकळ्या दिवसाचे अधिक वाटते, आणि ते वाटणे अगदी रास्त आहे. ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या शक्ती योजनेचे, म्हणजे राज्यातील महिलांना सरकारी बसमध्ये मोफत प्रवासासाठी मिळणारे, शून्य तिकीट जसे सासूबाईंना मिळते तसेच ते तुम्हाला आणि जावेलाही मिळते, कारण त्याला कार्डावरचे ज्येष्ठत्व लागत नाही. तरीही दोन वर्षांहून अधिक काळ मोफत असलेली बस तुमच्या दारावरून जाते आणि तुम्ही तिच्यात बसत नाही, कारण घरातली दोन वेळची भाकरी तुमच्या हातालाच बांधलेली आहे. सरकार तिकीट माफ करू शकते. तुमच्या वाटणीच्या भाकऱ्या त्या दिवशी कोण थापणार, हे तुमच्या घरालाच ठरवावे लागेल. म्हणून सासूबाईंकडे पैसे मागू नका, दिवस मागा. महिन्यातला एक दिवस तुमचा आणि एक जावेचा असे त्यांच्याशी शांतपणे, चारचौघांसमोर नव्हे तर दोघीच असताना बोला. त्या दिवशी सासूबाई आणि घरातले पुरुष मिळून काय ते करतील. पिठले-भात झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. ज्यांनी स्वतः बाहेर पडण्याचा आनंद उतारवयात प्रथम घेतला आहे, त्यांना तो सुनेला तरुणपणी मिळावा हे पटायला फार वेळ लागणार नाही असे मला वाटते.

प्रश्न : माझी बहीण कोल्हापूरला दिली आहे. दर मे महिन्यात ती मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला येते. पत्नीचे म्हणणे असे की सुट्टी म्हणजे तिला दुप्पट काम, आणि हुक्केरी तालुक्यातील तिच्या माहेरी जाणे मात्र दरवर्षी राहून जाते. बहिणीला येऊ नको असे कोणत्या तोंडाने सांगू?
— एक भाऊ, शहापूर, बेळगाव

उत्तर : सांगू नका. वर्षभर सासरचे रांधून आलेल्या बहिणीला माहेरची विश्रांती हवीच, आणि तीच विश्रांती तुमच्या पत्नीलाही तिच्या माहेरी हवी. या दोन्ही गोष्टी एकाच सुट्टीत बसू शकतात, फक्त कॅलेंडर नीट पाहावे लागेल.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडे होत राहिल्या. त्यामुळे एकाच आजीच्या नातवंडांच्या सुट्ट्या दोन सरकारे ठरवतात. कर्नाटकातील राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना साधारणपणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मेअखेरीस त्या पुन्हा भरतात. महाराष्ट्रातील शाळा मेच्या आरंभी बंद होऊन जूनच्या मध्याला उघडतात. शरद ऋतूतही तसेच: आपल्या मुलांना मोठी सुट्टी दसऱ्याची, तिकडच्या मुलांना दिवाळीची. भावंडांच्या वाट्याला एकत्र असा मे महिनाच काय तो येतो, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शिक्षण खात्यांनी निदान सीमाभागापुरता या गोष्टीचा विचार करावा असे मी सुचवीन.

परंतु तुमच्या घरापुरता याच विसंगतीचा उपयोग होतो. एप्रिलमधले ते जवळजवळ तीन आठवडे, जेव्हा तुमच्या मुलांची सुट्टी सुरू झालेली असते आणि बहिणीच्या मुलांची नसते, ते पूर्णपणे तुमच्या पत्नीच्या नावावर लिहून टाका. बेळगावहून हुक्केरी तालुक्यात जाणारा रस्ता सगळा कर्नाटकातच असल्याने बसचा खर्चही फारसा नाही. तो हंगाम वर्षाची चटणी कुटण्याचा असतो, आणि संकेश्वरी मिरचीच्या मुलखात माहेर असलेल्या बाईला आईच्या शेजारी बसून मिरचीचे देठ काढत गप्पा मारण्यात जे सुख असते, ते तिला कोणत्याही हिल स्टेशनवर मिळणार नाही. तेवढे दिवस तुम्ही स्वतः भात-आमटी करा.

मे महिन्यात बहीण आली की सकाळचा नाश्ता पूर्णपणे तुमच्याकडे घ्या. उप्पीट, पोहे, थालीपीठ यांपैकी एकेक दिवशी एकेक पुरे. शेंगा फोडणे, कोथिंबीर निवडणे, ताटे घेणे ही कामे मुलग्यांनाही सांगा, केवळ मुलींना नको. दुपारच्या जेवणात रोज नवा गोड पदार्थ हवा हा हट्ट सोडावा. मांडे तसेही बहुतेक घरी कोणी करत नाही, ते विकतच आणले जातात. त्याच न्यायाने एखाद्या दिवशी पुरणपोळीही बचत गटाच्या बायकांकडून आणली, तर पाहुणचारात उणे येत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. गृहज्योती योजनेत वीज माफ आहे ती तुमच्या घराच्या आधीच्या सरासरी वापरात आणखी दहा टक्के धरून तेवढ्यापुरतीच, आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला तर पूर्ण बिल भरावे लागते. उन्हाळ्यात घर भरलेले असताना कूलर आणि पंखे रात्रंदिवस चालतात, तेव्हा मीटरकडे लक्ष असू द्यावे. नंतर आलेल्या बिलाचे खापर बहिणीच्या राहण्यावर फुटू नये.

प्रश्न : मी रोज बसने कामाला जाते. शून्य तिकीट घेताना काही पुरुष प्रवासी ‘फुकटात हिंडायला निघाल्या’ असे मोठ्याने म्हणतात. गर्दी वाढली हे खरे आहे, पण ऐकून वाईट वाटते.
— एक भगिनी, बैलहोंगल

उत्तर : वाईट वाटणे साहजिक आहे, परंतु मान खाली घालण्याचे कारण नाही. बाई साबण, बिस्किटे, चप्पल काहीही विकत घेते तेव्हा तीही कर भरते. परिवहन महामंडळाला सरकारकडून मिळणारी भरपाई शून्य तिकिटांच्या हिशोबावर ठरते, म्हणून ते तिकीट न चुकता मागून घ्या. ते न घेतल्यास महामंडळाचेच नुकसान होते. गर्दीची तक्रार खरी आहे. शाळा-कॉलेजची मुले दारात लोंबकळताना मीही पाहते आणि भीती वाटते. त्यावर उपाय म्हणजे त्या मार्गावर बसफेऱ्या वाढवणे, आणि ती मागणी आगारप्रमुखांकडे स्त्री-पुरुष प्रवाशांनी मिळून, लेखी करायला हवी.

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी मुलांना घेऊन मे महिन्यात लाल बसने गोकाकचा धबधबा पाहायला जाणार आहोत. उन्हाळ्यात न आंबणारे असे घरचे काय न्यावे? हॉटेलचा खर्च टाळायचा आहे.
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : धबधबा पाहायचा तर मे महिन्यात जाऊ नका. घटप्रभेचे पाणी त्या दिवसांत अगदी आटलेले असते आणि ५२ मीटरच्या त्या कड्यावर मुलांना नुसता खडक दिसेल. पावसाळ्यात पाणी मोठे असते, आणि मुलांना घेऊन जायचे तर दसऱ्याची सुट्टी उत्तम, कारण पाऊस ओसरलेला असतो आणि नदीला पाणी असते. उन्हाळ्यात त्याऐवजी खानापूर तालुक्यातील हलशीला जा. कदंबांच्या या जुन्या राजधानीत भूवराह नरसिंहाचे देऊळ आहे. दगडी मंडपातली सावली आणि गारवा भर उन्हातही मुलांना सोसवतो.

निपाणीकरांनी बसबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कोल्हापूरहून येऊन बेळगावला जाणारी बस आंतरराज्य असते आणि शून्य तिकीट तिच्यात चालत नाही, म्हणून निपाणीहूनच सुटणारी साधी किंवा वेगदूत (जलद) बस धरा. राजहंस, स्लीपर आणि वातानुकूलित गाड्याही या सवलतीत येत नाहीत. दुसरे असे की ओळखपत्रावर कर्नाटकातील पत्ता लागतो. तुमच्यापैकी कोणाचे माहेर कागल-गडहिंग्लजचे असेल आणि आधार कार्डावर अजून तोच पत्ता असेल, तर तिला पूर्ण तिकीट पडेल. तो पत्ता आधीच बदलून घ्यावा. महाराष्ट्राच्या एस.टी.तील महिलांची ५० टक्के सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, तिचा येथे उपयोग नाही.

आता शिदोरीचे. पाण्याने भिजवलेल्या चपात्यांऐवजी दशम्या करा. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पिठात थोडे मीठ आणि तूप घालून ते दुधात भिजवले, पाणी अजिबात लावले नाही, तर दशमी मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही खाता येते. तिच्याबरोबर शेंगदाण्याची लसूण घातलेली कोरडी चटणी घ्यावी. ओला नारळ, कच्चा कांदा किंवा टोमॅटो घातलेले काहीही उन्हाळ्यात बरोबर नेऊ नये. गोडासाठी शेंगाची पोळी घ्या. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि गूळ यांच्या सारणात पाणी नसल्याने ती पुरणपोळीपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकते. कडक भाकरी तर आपल्या भागात बाजारातही मिळते.

मुलांना दहीभात हवाच असतो. भात मऊ शिजवून गरम असतानाच हाताने किंवा डावाने घोटावा, त्यात भरपूर दूध घालून तो पूर्ण गार होऊ द्यावा आणि मग विरजणापुरते, जेमतेम चमचाभर दही मिसळावे. डबा दुपारी उघडेपर्यंत दुधाचे दही होते आणि भात आंबट होत नाही. फोडणीत हिंग, मोहरी आणि सांडगी मिरची तळून वरून घालावी. हा भात दुपारीच संपवावा, परतीसाठी ठेवू नये.

पाच जणींनी हे पदार्थ आदल्या दिवशीच वाटून घ्यावेत. एकीने दशम्या, एकीने चटणी, एकीने पोळ्या, एकीने दहीभात करावा, आणि पाचवीने पाण्याची व्यवस्था पाहावी, म्हणजे कोणालाही पहाटे चारला उठून सगळ्यांचे रांधावे लागणार नाही. पोळ्या दोन दिवस आधी केल्या तरी चालतात.