पाणी उकळावं का? परसात भाजी लावावी का?

प्रश्न : मुलगी आणि जावई नोकरीसाठी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडला राहायला गेलेत. शेजारच्या हॅनफर्डमध्ये पूर्वी अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवत. नातू तीन वर्षांचा आहे. त्याला पाणी उकळून द्यावं का? परसात भाजी लावावी का? आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उकळण्यानं जंतू मरतात, पण अणुकचऱ्यातला स्ट्रॉन्शियम-90 हा किरणोत्सर्गी पदार्थ जात नाही. उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडांत जाऊन बसतं, म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना जपायचं.

तुमची काळजी रास्त आहे. हॅनफर्डच्या जमिनीखाली 177 टाक्यांमध्ये सुमारे 21 कोटी लिटर किरणोत्सर्गी कचरा आहे आणि काही टाक्या गळल्या आहेत. आधी मुलीला एवढंच विचारा, पाणी नळाचं की बोअरचं? नळाचं असेल तर पाणीपुरवठा खात्यानं दरवर्षी 1 जुलैपर्यंत चाचणी अहवाल द्यावाच लागतो. त्यातला किरणोत्सर्गी घटकांचा तक्ता पाहा. लिटरमागे मर्यादा स्ट्रॉन्शियम-90ची 8 पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), ट्रिटियमची म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनची 20,000. स्वतःची बोअर असेल तर हा अहवाल लागू नाही, पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं लागेल. आरओनं स्ट्रॉन्शियम बरंच कमी होतं, नुसत्या कार्बन फिल्टरनं नाही. ट्रिटियम मात्र पाण्याच्या रेणूचाच भाग असल्यानं दोन्हींतून पार होतं.

आयोडीनच्या गोळ्या थायरॉइडला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवतात, पण त्या रोज घ्यायच्या नाहीत. 1944पासून हॅनफर्डच्या धुराड्यांतून निघालेलं असं किरणोत्सर्गी आयोडीन-131 कुरणांवर पडलं, गाईच्या दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं. रहिवाशांना त्याचे कागद 1986मध्ये बघायला मिळाले. इतकी वर्षं त्यांना अंधारात ठेवणं हा अन्यायच होता. त्या काळी लहानपणी तिथलं दूध प्यायलेल्यांनी ते डॉक्टरांना सांगून थायरॉइड तपासून घ्यावं. ते आयोडीन आज उरलेलं नाही, दर 8 दिवसांनी ते निम्मं होतं. पण हॅनफर्डच्या जागेवर विजेची एक अणुभट्टी अजून चालू आहे. तिथं अपघात झाला आणि प्रशासनानं सांगितलं, तरच गोळी घ्यायची, तीही वयानुसार ठरलेल्या मात्रेत.

भाजी जरूर लावा, पण आधी मातीतलं शिसं आणि आर्सेनिक तपासा. त्या भागातल्या जुन्या सफरचंदाच्या बागांत शिशा-आर्सेनिकचं कीटकनाशक फवारत. ते मातीतून जात नाही आणि परसात किरणोत्सर्गापेक्षा तेच सापडण्याची शक्यता जास्त. प्रमाण जास्त निघालं तर फूटभर उंच वाफा करून त्यात बाहेरची स्वच्छ माती भरा. भाजी धुऊन घ्या, मुळा-गाजर सोलून. आणि खेळून आल्यावर नातवाचे हात साबणानं धुवायला लावा, कारण शिसं मुलांच्या पोटात जातं ते बहुतेक बोटांना लागलेल्या मातीतून.