योहानाने तुरुंगातून पाठवलेला प्रश्न

आपण लिहिले आहे की, जूनमध्ये वडील गेले, त्यानंतर भावाची नोकरी गेली, आणि आता केवळ आईच्या समाधानासाठी आपण दर रविवारी नाशिक रोडला उपासनेला जाता. आगमनकाळाची, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाची, पहिली मेणबत्ती लागली तेव्हा सारी मंडळी गात होती, आपल्या आत मात्र काहीच हलले नाही. विश्वास टिकवायचा कसा, की तो गेलाच आहे आणि आपण ढोंग करीत आहोत, असा आपला प्रश्न आहे. मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञानही शिकलेलो नाही. अंबडच्या एका कारखान्यात २६ वर्षे सुपरवायझर होतो, शरणपूर रस्त्याच्या बाजूला राहतो, आणि आपण म्हणता तसे तीन आगमनकाळ मी काढले आहेत, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

ढोंगाचा मुद्दा आधी संपवतो. स्वतःला पटत नसताना आईला एकटे बसू न देण्यासाठी जो तासभर बाकावर बसतो, त्याला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझी नोकरी २०२० च्या टाळेबंदीत गेली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात पत्नीचे डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. किडनीच्या प्रतीक्षायादीत तिचे नाव होते, त्यामुळे आगमनकाळ हा प्रतीक्षेचा काळ आहे, असे उपदेशात कोणी म्हटले की मला अक्षरशः संताप येत असे. ज्यांना नाताळची तारीख आधीच ठाऊक आहे त्यांनी आम्हांला प्रतीक्षा शिकवावी, हे मला सहन होत नव्हते. प्रार्थना करायला बसलो की शब्द सुचत नसत आणि सुचले तर ते भांडणाचे असत.

११ डिसेंबर २०२२ रोजी, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. ती टाळण्याचा प्रयत्न मी केला होता, पण बदली माणूस मिळाला नाही. उतारा होता मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातला. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि तो आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो आहे की, जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? हा उतारा लहानपणापासून ऐकलेला होता, पण मोठ्याने वाचताना तो मला प्रथमच समजला. ज्याने यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला, ज्याने लोकांना बोट दाखवून सांगितले की हाच तो, तोच माणूस आता विचारतो आहे की, माझी चूक तर झाली नाही ना? योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो की, योहानाला मृत समुद्राच्या पूर्वेला माखेरसच्या किल्ल्यात ठेवले होते. भोवती ओसाड मुलूख, डोक्यावर त्याला कैद करणाऱ्या हेरोद राजाचा राजवाडा. अशा जागी बसून माणसाने दुसरे काय विचारावे?

उपासना संपल्यावर रिक्षात पत्नी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला सोडवलं नाही ना पण?"

घरी येऊन मी पाहिले, तर तिचे निरीक्षण माझ्या सगळ्या वाचनापेक्षा पुढचे होते. येशू योहानाला निरोप पाठवतो की, आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात आणि गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. ही यादी यशया संदेष्ट्याच्या वचनांची आठवण करून देणारी आहे. पण यशयाच्या ६१ व्या अध्यायात धरून नेलेल्यांच्या सुटकेचीही घोषणा आहे, आणि नासरेथच्या सभास्थानात येशूने तीच वचने वाचली तेव्हा, लूककृत शुभवर्तमान सांगते त्याप्रमाणे, बंदिवानांची सुटका त्यात होती. तुरुंगातल्या माणसाला धाडलेल्या निरोपात मात्र नेमकी तेवढीच ओळ नाही. योहानाला शास्त्र पाठ असणार, काय गाळले आहे हे त्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. पुढे हेरोदाने त्याचा शिरच्छेद करविला.

आपल्याला मला सांगायचे आहे ते इथे आहे. योहानाने शंका मनात कुजत ठेवली नाही, आणि ती हेरोदाला किंवा पहारेकऱ्यांना सांगून हलकीही केली नाही. ज्याच्याविषयी शंका होती त्याच्याकडेच ती पाठवली. माझ्या मते त्या तुरुंगात त्याच्यापाशी विश्वास म्हणून उरले होते ते एवढेच, आणि येशूने ते कमी लेखले नाही. त्याने योहानाला दोष दिला नाही; उलट निरोप्ये निघून गेल्यावर लोकांना सांगितले की, स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. ती स्तुती योहानाच्या कानी पडली की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. म्हणून, ताई, आपण प्रार्थनेत काही बोलत नसाल तरी "तू आहेस का?" एवढे विचारीत असाल, तर विश्वास गेला असे मी म्हणणार नाही.

मेणबत्त्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या ज्यावर लावतात ते आगमनकाळाचे चक्र फार जुने नाही. हॅम्बर्गमध्ये निराधार मुलांचे घर चालवणाऱ्या योहान हिनरिख विकर्न या पाळकाने १८३९ साली ते सुरू केले असे मानले जाते. नाताळला किती दिवस उरले, असे मुले रोज विचारीत, म्हणून त्याने गाडीच्या जुन्या चाकावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी लहान आणि प्रत्येक रविवारी एक मोठी मेणबत्ती लावली. म्हणजे आपण ज्या मेणबत्तीसमोर कोरड्या बसला होता, ती मुळात "कुठवर?" असे पुनःपुन्हा विचारणाऱ्या, घर नसलेल्या मुलांसाठी होती. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत हाच प्रश्न चार वेळा येतो. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. ते शास्त्रातून कोणी काढून टाकले नाही. गाणे जमत नसेल त्या रविवारी मी ती दोन स्तोत्रे बाकावर बसून मनात वाचत असे. भोवतालचे लोक गात असले तरी अडत नाही.

पत्नी ऑगस्ट २०२३ मध्ये गेली. किडनी मिळाली नव्हती. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, आणि निफाड तालुक्यातल्या माझ्या मेहुण्याच्या द्राक्षबागेत घड तुटून बांधापर्यंत पडले. बहीण गेली होती आणि बागही गेली होती. मी त्याला हबक्कूकाच्या शेवटच्या अध्यायाची आठवण दिली, ज्यात संदेष्टा म्हणतो की, अंजीर फुलला नाही, द्राक्षीला फळ आले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मेहुणा म्हणाला, "हबक्कूकाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज नव्हतं, दाजी." मला हसू आले आणि त्यालाही. दुसऱ्या दिवशी तो मार लागलेले घड छाटायला बागेत गेला. त्या आगमनकाळात मी केलेली सर्वांत खरी प्रार्थना म्हणजे ते हसणेच असावे. हबक्कूकाचे ते वचन दुःखितांना सांगण्याची घाई कोणी करू नये, हेही मी त्या दिवशी शिकलो. त्याच पुस्तकाची सुरुवात "मी किती काळ ओरडू?" अशी आहे, आणि आधी तिथे थांबण्याची मुभा माणसाला हवी.

मी राहतो त्या शरणपूरची वसाहत मिशनने १८५० च्या दशकात वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे वाढली, शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांत होता. म्हणजे बंदिवानांची सुटका माझ्या दारासमोरच्या रस्त्यावर खरोखर घडलेली आहे, आणि माझ्या घरात ती घडली नाही. या दोन गोष्टी मला एकमेकींत बसवता येत नाहीत. आता मी तो प्रयत्नही करीत नाही.

घाईविषयी आणखी थोडे. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग परतल्या, तरी स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी १९०० सालीच घेतला. चार रविवारांत आपल्या आतले काही सुटले पाहिजे असा हिशेब करू नका.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, सकाळी उठणे नकोसे होत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तो आत्मिक दुबळेपणा समजून केवळ उपवास-प्रार्थनेवर ढकलू नका; डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. २०२४ च्या जानेवारीत मी तो फिरवला होता. पाळकसाहेबांना हे मी नंतर सांगितले, तेव्हा त्यांनी कसलाही उपदेश केला नाही, चहा ठेवला. सगळेच पाळक असे नसतात; तुमचे नसतील, तर मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या, जवळचे माणूस गमावलेल्या बाईंकडे जा.

नाताळच्या फराळाला हात लावावासा वाटत नसेल तर करंज्या यंदा आईला आणि शेजारणींना करू द्या, चांदणी भावाला टांगू द्या. आपण फक्त आईबरोबर जा. तिसऱ्या रविवारच्या वाचनाची पाळी यंदा पुन्हा माझ्याकडे आली आहे आणि उतारा तोच आहे. आमच्या चर्चमध्ये दाराजवळचा शेवटचा बाक बहुधा रिकामा असतो. मी तिथे दोन वर्षे बसलो, कारण तिथून गीत चालू असताना कोणाच्या लक्षात न येता बाहेर जाता येते आणि परतही येता येते.