गोव्यात जंगल, नदी आणि वन्यजीवांसाठी आयुष्यभर झटलेलं एखादं नाव सांगाल का?

राजेंद्र केरकर. सत्तरी तालुक्यातल्या केरीचे. म्हादई नदी कर्नाटकातल्या खानापूरच्या डोंगरात उगम पावते आणि गोव्यात पुढे मांडवी होते. कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पातून तिचं पाणी वळवण्याला म्हादई बचाव अभियानाने विरोध केला, त्यात केरकर पहिल्यापासून आहेत. 1999 मध्ये म्हादई अभयारण्य घोषित झालं, त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते 2009 चं प्रकरण. केरीच्या रानात वाघ मारला गेला आणि त्याला वाचा फोडली ती केरकरांनी. स्वतःच्याच गावात, रोज समोर येणाऱ्या माणसांचा रोष पत्करून असं बोलणं सोपं नसतं हो! 2020 मध्ये त्याच सत्तरीत गोळावलीला वाघीण आणि तिचे 3 बछडे मेले, तेव्हा हा धोका किती खरा होता ते सगळ्यांना दिसलं. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई अभयारण्य आणि आसपासचा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करायला सांगितलं, गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सत्तरीतल्या देवराया, लोकदैवतं, सण यांवरही ते सतत लिहितात. देवाच्या नावाने राखलेलं रान गावकरी आपलं मानतात, म्हणून मला हे लेखनही संवर्धनाचंच काम वाटतं. त्यांचे लेख मराठीत आहेत, जरूर वाचा.