रात्री अकराचा डबा

प्रिय ‘आरसा टाळणारी’,

आई गेल्याला दीड वर्ष झालं, हातपाय तसेच आहेत पण पोट सुटलंय, दिवसभर जेमतेम खाता आणि रात्री अकराला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डबे उघडता, असं लिहिलंयत. ‘मी इतकी बेशिस्त कशी?’ हा तुमचा प्रश्न. पत्रात पोटाबद्दल दीड पान आहे, आईबद्दल दोन ओळी. मला त्या दोन ओळीच जास्त लागल्या.

बेशिस्त हा शब्द आधी खोडा. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहू शकतं. आतड्यांभोवती साठणारी चरबी त्याला त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त दाद देते. म्हणून वजनकाटा फारसा हलत नाही आणि कंबर मात्र वाढते. त्यात झोप अपुरी, म्हणजे भूक चाळवणाऱ्या घ्रेलिनचं फावतं. दिवसभर उपाशी राहून रात्री त्याच्याशी झुंजायला गेलात तर हरणारच की! शिवाय वय 46, पाळीही मागेपुढे होतेय. या वयात चरबीचा मुक्काम मांड्यांवरून पोटाकडे हलतो. उलटंही घडतं: पोटातली चरबी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते, आणि लठ्ठपणा व नैराश्य एकमेकांना पोसत राहतात.

रोजचे शंभर क्रंचेस सोडलेत तरी चालेल. त्यांनी स्नायू बळकट होतात, पोटावरची चरबी निवडून जळत नाही. झपझप चाला, वजन घटलं नाही तरी आतली चरबी त्याने कमी होऊ शकते. दुपारी पोटभर जेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. माप उंचीच्या निम्म्याहून जास्त आलं तर डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब, थायरॉइड तपासून घ्या. उदासीवरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. तशी गोळी चालू असेल तर त्यांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आता त्या दोन ओळी. आईला शेवटचं औषध तुम्ही रात्री अकराला देत होतात. हे तुम्ही सहज लिहून गेलात आणि पुढे डब्यांची वेळही तीच सांगितलीत. त्या वेळी भूक लागते, की हात रिकामे वाटतात? आज डबा उघडण्याआधी दोन मिनिटं खाली बसा. रडू आलं तर येऊ द्या. आणि या आठवड्यातच समुपदेशकाची वेळ घ्या. तिथे पोटाचा विषय काढला नाहीत तरी चालेल, आईबद्दल बोला.

तुमची,
ताई